परतीची वाट : डिस्कशिवाय जुनी विंडोज

या मालिकेत आपण बहुतेक वेळा लढाया, तह आणि मोहिमा यांविषयी बोलतो. आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील, कर्नलसाहेब आता कॉम्प्युटर दुरुस्तीकडे वळले की काय! तसं नाही. आजचाही विषय इतिहासाचाच आहे, फक्त तो वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचा आहे आणि तुमच्या-माझ्या घरातल्या टेबलावर घडलेला आहे.

नोएडा, गुडगाव, गाझियाबाद या भागात आमच्या पिढीची मराठी माणसं भेटली की एक प्रश्न हमखास निघतो. "जुना लॅपटॉप आहे, चांगला चालतो, पण नवी विंडोज त्याला पेलत नाही. जुनी परत टाकायची तर सीडी कुठाय? आम्हाला तर ती कधी मिळालीच नव्हती." हा प्रश्न 2007 साली विचारला जात होता आणि आजही विचारला जातो. सीडी मिळाली नव्हती हे खरं आहे. पण ती का मिळाली नाही, आणि ती न मिळाल्यामुळे काय काय घडलं, हा आजचा विषय.

सुरुवात फ्लॉपीपासून करू. विंडोज 95 बाजारात आली 24 ऑगस्ट 1995 रोजी. ज्यांच्या मशीनला सीडी ड्राइव्ह नव्हता त्यांच्यासाठी ती तेरा फ्लॉप्यांवर मिळत असे. एकेक फ्लॉपी घालायची, मशीन सांगेल तेव्हा काढायची, पुढची घालायची. बारावी खराब निघाली की पुन्हा पहिल्यापासून. कटकट होती, पण एक गोष्ट पक्की होती. विकत घेतलेली वस्तू तुमच्या कपाटात होती. मशीन कोसळलं तर कोणाच्याही दाराशी न जाता तुम्ही ते पुन्हा उभं करू शकत होता. पुढे सीडी आली आणि हेच काम एका चकतीवर होऊ लागलं.

मग 2000 च्या सुमारास चित्र बदललं. मायक्रोसॉफ्टनं मोठ्या उत्पादकांसाठी नियम कडक केले. मशीनबरोबर विंडोजची संपूर्ण, कुठेही चालणारी सीडी द्यायची नाही. द्यायची ती फक्त त्या मशीनपुरती 'रिकव्हरी', म्हणजे कारखान्यातून निघाल्यावेळची स्थिती जशीच्या तशी परत आणणारी. कारण उघड होतं. एक अस्सल सीडी दहा मशीनवर चढत होती. लवकरच ही रिकव्हरी सीडीही खोक्यातून गायब झाली आणि हार्ड डिस्कच्या एका लपवलेल्या कप्प्यात, म्हणजे पार्टिशनमध्ये, जाऊन बसली. मशीन सुरू होताना कुठे एफ-11 दाबायचं, कुठे ऑल्ट आणि एफ-10, कुठे आणखी काही. प्रत्येक कंपनीची कळ वेगळी.

उत्पादकाचे चकतीचे पैसे वाचले. गिऱ्हाइकाच्या बाजूनं पाहा. हार्ड डिस्क बिघडली तर तिच्यावरची विंडोजही गेली आणि विंडोज परत आणायचं साधनही गेलं. फौजेच्या भाषेत सांगायचं तर राखीव दारूगोळा आघाडीच्याच खंदकात ठेवल्यासारखं झालं. शिवाय त्या कप्प्यातून फक्त मशीनबरोबर आलेलीच विंडोज परत येत असे. त्याहून जुनी हवी असेल तर तो कप्पा काही कामाचा नव्हता.

जुनी कशाला हवी? याचं उत्तर 30 जानेवारी 2007 या तारखेत आहे. त्या दिवशी विंडोज विस्टा सर्वसामान्य ग्राहकांसाठी बाजारात आली. त्याआधीची एक्सपी 25 ऑक्टोबर 2001 ची, म्हणजे मध्ये पाच वर्षांहून अधिक काळ गेला होता. एक्सपीला 128 एमबी मेमरी शिफारशीत पुरेशी मानली जाई. विस्टाला कमीत कमी 512 एमबी, आणि नीट चालायला एक जीबी. दुकानात मात्र 512 एमबीचे लॅपटॉप विस्टा घालून सर्रास विकले गेले. ते सुरू व्हायला इतका वेळ घेत की चहा टाकून, गाळून, पिऊन व्हावा. अमेरिकेत तर 'विस्टा केपेबल' या स्टिकरवरून 2007 सालीच मायक्रोसॉफ्टवर खटला भरला गेला. एक्सपीची विक्री 30 जून 2008 ला बहुतांशी थांबणार म्हटल्यावर ती वाचवा अशी मागणी करणाऱ्या 'इन्फोवर्ल्ड' या अमेरिकी नियतकालिकाच्या अर्जावर दोन लाखांहून जास्त लोकांनी सह्या केल्या. सॉफ्टवेअर जुनंच राहू द्या म्हणून लोक सह्या करतात, हे तोवर फारसं कोणी पाहिलं नव्हतं.

आपल्या मराठी माणसांचं एक वेगळंच दुखणं होतं. विंडोज 2000 पासून युनिकोडमधली देवनागरी आली होती, पण छापखाने, डीटीपीवाले, सरकारी कचेऱ्या आणि मंडळांचे अंक यांचं काम जुन्या फाँटवरच चाले. या जुन्या फाँटची युक्ती साधी होती. रोमन अक्षराच्या जागी देवनागरीचं चित्र बसवायचं. आत साठवलेला असे रोमन अक्षराचा आकडा आणि पडद्यावर दिसे आपला 'क'. फाँट किंवा त्या कंपनीचं सॉफ्टवेअर नसेल तर तोच मजकूर अगम्य खुणांची रांगोळी होऊन समोर येई. त्यातल्या काही सॉफ्टवेअरना डोंगल लागे, म्हणजे मशीनच्या मागे खोचायची एक किल्ली. ती नसेल तर सॉफ्टवेअर उघडतच नसे.

माझ्याकडे हे सगळं एकदम येऊन पडलं. माझे वडील सातारा जिल्ह्यातल्या एका शाळेत शिक्षक होते. आमच्या भागातून घरटी एक माणूस फौजेत. निवृत्तीनंतर वडिलांनी गावोगाव फिरून दुसऱ्या महायुद्धात गेलेल्या म्हाताऱ्या शिपायांच्या आठवणी लिहून घेतल्या. कोणी उत्तर आफ्रिकेत होता, कोणी इटलीत, कोणी ब्रह्मदेशात. साताऱ्याच्या एका डीटीपी चालकानं त्या अशाच एका सॉफ्टवेअरमध्ये टंकून दिल्या. दीडशेच्या आसपास पानं. वडील गेले, तो चालक धंदा सोडून गेला, आणि ज्यांच्या आठवणी होत्या त्यांच्यापैकी कोणीही हयात उरलं नाही. माझ्याकडे आली एक सीडी आणि एक डोंगल. 2007 च्या अखेरीस दिल्लीत मी नवा लॅपटॉप घेतला होता. फाइल उघडायला ते सॉफ्टवेअर हवं, सॉफ्टवेअरला डोंगल हवा, आणि डोंगलला हवी होती एक्सपी. विस्टा त्याला ओळखच देत नव्हती.

अशा वेळी दिल्लीकर काय करतो? नेहरू प्लेसला जातो. कालकाजी मंदिराच्या अंगाला दिल्ली विकास प्राधिकरणानं कार्यालयांसाठी उभारलेलं हे संकुल. एका बाजूला कापडाची दुकानं आणि बाकी सगळीकडे कॉम्प्युटर. मेट्रो तिथे पोचली 2010 च्या ऑक्टोबरात, त्यामुळे तेव्हा बसनं किंवा रिक्षानं जावं लागे. चौकात पाय ठेवला की पोरं कानाशी येऊन हळूच म्हणत, "सॉफ्टवेअर, सर, सॉफ्टवेअर." पथारीवर चकत्यांच्या चळती. अमेरिकेच्या व्यापार प्रतिनिधींच्या कार्यालयानं जगातल्या कुख्यात बाजारांची जी यादी काढली, तीत या नेहरू प्लेसचं नाव होतं. दिल्लीच्या या नकली माध्यम-बाजाराचा अभ्यास सीएसडीएस या संस्थेतले रवी सुंदरम यांनी केला आणि 2009 मध्ये त्यावर 'पायरेट मॉडर्निटी' हे पुस्तक लिहिलं.

मला एका दुकानदारानं सांगितलं, "दो सौ रुपये, एक घंटा, एक्सपी डल जाएगी." मी विचारलं, "माझ्याकडे लायसन्स आहे, त्याचा उपयोग होईल का?" त्यानं माझ्याकडे दयेनं पाहिलं. त्याच्या गिऱ्हाइकांपैकी बहुतेकांनी विंडोजचे पैसे लॅपटॉपच्या किमतीत आधीच मोजलेले असत. तरीही त्यांना चोरीची चकती घ्यावी लागे, कारण अस्सल चकती त्यांना कोणी दिलीच नव्हती.

इथे या इतिहासातली सगळ्यात विचित्र गोष्ट आहे. चोरी थांबावी म्हणून चकती खोक्यातून काढली, आणि चकती नाही म्हणून प्रामाणिक गिऱ्हाईक चोरबाजाराच्या दारात उभं राहिलं. बरं, तिथे मिळणाऱ्या चकतीत काय भरलं आहे याची खात्री कोण देणार? व्हायरस मोफत.

कायदा काय म्हणत होता? आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात 1994 साली दुरुस्ती झाली. त्यातलं कलम 63-ब सांगतं की नकली प्रत आहे हे माहीत असूनही संगणक प्रणाली वापरली तर सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हे कलम सगळ्यांना ऐकून माहीत असतं. त्याच कायद्यातलं कलम 52 मात्र फारसं कोणी वाचत नाही. कायदेशीररीत्या जवळ असलेल्या प्रणालीची प्रत नष्ट किंवा खराब होण्यापासून बचाव म्हणून राखीव प्रत करणं हा गुन्हा नाही, असं ते स्पष्ट सांगतं. म्हणजे कायद्यानं राखीव प्रतीची मुभा दिली होती. पण ज्याच्या हाती मूळ प्रतच नाही, त्यानं राखीव प्रत कशाची करायची?

दुसरी मुभा खुद्द मायक्रोसॉफ्टच्या करारात होती. विस्टाच्या बिझनेस आणि अल्टिमेट या महाग आवृत्त्यांबरोबर मागे जाण्याचा हक्क होता. एक्सपी प्रोफेशनल टाकायची परवानगी, वेगळे पैसे न देता. होम बेसिक आणि होम प्रीमियम घेणाऱ्यांना, म्हणजे घरगुती गिऱ्हाइकाला, तो हक्क नव्हता. आणि ज्यांना होता त्यांच्यासाठीही अट अशी की चकती तुमची तुम्ही मिळवा. काही उत्पादक मागितल्यावर ती पाठवत, काही पाठवत नसत. माझ्या लॅपटॉपवर विस्टा बिझनेस होती. एका बॅचमेटनं स्थानिक दुकानातून जोडून घेतलेल्या डेस्कटॉपबरोबर एक्सपी प्रोफेशनलची अस्सल, साधी सीडी आली होती, ती त्यानं दिली. मोठ्या कंपनीच्या रिकव्हरी सीडीनं हे काम झालं नसतं, ती आपलं मशीन सोडून दुसरीकडे चालत नाही.

पुढचं काम चार पायऱ्यांचं होतं. तेव्हा ज्यांनी ते केलं असेल त्यांना आठवेल.

पहिली पायरी, आहे ती विस्टा राखून ठेवणं. लपवलेल्या कप्प्यातून कोऱ्या डीव्हीडीवर रिकव्हरी संच उतरवून घेतला. मागे सरताना पुढची जागाही हातची घालवायची नसते.

दुसरी पायरी, ड्रायव्हर गोळा करणं. चिपसेट, ग्राफिक्स, आवाज, नेटवर्क, वायफाय. सगळे एक्सपीचे आणि सगळे आधीच पेनड्राइव्हवर. नेटवर्कचा ड्रायव्हर नसेल तर नवं मशीन आंधळं आणि बहिरं होतं. ड्रायव्हर उतरवायला नेट हवं आणि नेटला ड्रायव्हर हवा!

तिसरी पायरी सगळ्यात अवघड. एक्सपी बनली तेव्हा सगळीकडे जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्क होत्या. 2007 च्या लॅपटॉपमध्ये साटा डिस्क एएचसीआय नावाच्या नव्या पद्धतीनं बोलत असे. एक्सपीच्या सीडीला ती भाषा येत नव्हती. मग एक तर डिस्कच सापडली नाही असं उत्तर येई, नाही तर निळा पडदा आणि त्यावर 7-बी हा शेवट असलेला कुप्रसिद्ध आकडा. एक्सपीकडे यावर इलाज होता. सुरुवातीला एफ-6 दाबा आणि ड्रायव्हरची फ्लॉपी घाला. फ्लॉपी! ज्या लॅपटॉपला फ्लॉपी ड्राइव्हच नाही त्याला. म्हणून लोकांनी दोन वाटा काढल्या. बायोसमध्ये जाऊन डिस्कची पद्धत जुन्या 'कंपॅटिबिलिटी' मोडवर ठेवायची, किंवा 'एनलाइट' नावाच्या मोफत साधनानं सीडीतच साटाचा ड्रायव्हर मिसळून नवी सीडी भाजायची. मी पहिली वाट घेतली.

चौथी पायरी, अ‍ॅक्टिव्हेशन. त्या सीडीची की आधीच दुसऱ्या मशीनवर वापरलेली होती, त्यामुळे ऑनलाइन नकार येणं स्वाभाविक. फोन करायचा, पडद्यावरचे पन्नासेक आकडे वाचून दाखवायचे, समोरच्या माणसाला आपल्या विस्टा बिझनेसचा स्टिकर-क्रमांक सांगायचा, आणि तो सांगेल ते आकडे टंकायचे. झालं. पूर्ण कायदेशीर.

आणि मराठीची गंमत अजून बाकी होती. एक्सपीत युनिकोड देवनागरी लिहायची तर रीजनल सेटिंगमध्ये जाऊन 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट' या चौकटीत खूण करावी लागे. खूण केली की मशीन म्हणे, सीडी घाला. इंग्रजी लिहिणाऱ्याला ही सीडी लागत नव्हती. मराठी, हिंदी, तमिळ लिहिणाऱ्याला लागत होती. खोक्यातून काढलेली ती चकती आपल्या भाषेच्याही दाराची किल्ली होती, हे किती जणांच्या लक्षात आलं असेल?

त्या रात्री डोंगल खोचला, फाइल उघडली आणि वडिलांचं प्रकरण पहिलं पडद्यावर आलं. ती पानं मी आधी कागदावर छापली, मग हळूहळू युनिकोडमध्ये आणली. आज ती कुठल्याही मशीनवर, अगदी फोनवरही उघडतात.

दिल्लीच्या आसपास राहणाऱ्या मराठी माणसाला परतीच्या वाटेचं महत्त्व वेगळं सांगायला नको. ऑक्टोबर 1760 मध्ये भाऊसाहेबांनी कुंजपुरा घेतला. त्याच महिन्यात अब्दालीनं बागपतजवळ यमुना ओलांडली आणि तो मराठी फौज आणि दिल्ली यांच्या मध्ये येऊन बसला. कुंजपुरा, बागपत आणि पानिपत ही तिन्ही ठिकाणं आजच्या एनसीआरमध्येच येतात. शौर्यात काही कमी नव्हती. तुटली ती पाठीमागची वाट आणि रसद. तुलना मोठी आहे हे मी जाणतो, लॅपटॉपसाठी कोणी मरत नाही. पण नियम तोच आहे. ज्याची परतीची वाट दुसऱ्याच्या ताब्यात, त्याला पुढचे सगळे निर्णय दुसऱ्याच्या मर्जीनं घ्यावे लागतात.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मागे जाता येणं वेगळं आणि मागेच मुक्काम ठोकणं वेगळं. एक्सपीचा आधार 8 एप्रिल 2014 ला संपला. त्यानंतर तिच्यातलं नवं भगदाड बुजवायला कोणी येणार नव्हतं. तरी आपल्याकडे अनेक एटीएम जुन्या विंडोजवर चालतच राहिली. शेवटी रिझर्व्ह बँकेनं जून 2018 मध्ये बँकांना वेळापत्रकच घालून दिलं, की जून 2019 पर्यंत टप्प्याटप्प्यानं सगळी एटीएम बदला. त्याआधी मे 2017 मध्ये 'वॉनाक्राय' जगभर पसरला होता. आंध्र प्रदेश पोलिसांची काही मशीनं त्यात बंद पडली. धोका इतका की मायक्रोसॉफ्टनं तीन वर्षांपूर्वी निवृत्त केलेल्या एक्सपीसाठीही तातडीची दुरुस्ती काढली. म्हणून माझा एक्सपीचा लॅपटॉप अ‍ॅक्टिव्हेशननंतर कामापुरता नेटला लागला आणि पुढे कधीच नाही. जुनी प्रणाली ठेवायची असेल तर नेटची वायर काढून ठेवा. आता तर नव्या मशीनच्या आत आभासी मशीन करून त्यात एक्सपी चालवता येते, तेही नेट तोडूनच.

विस्टानंतर वाट आणखी बदलली. विंडोज 8 पासून मोठ्या कंपन्यांच्या मशीनमध्ये की मदरबोर्डातच कोरलेली येऊ लागली, खालचा स्टिकर गेला. एक गोष्ट चांगली झाली. विंडोजची मूळ प्रत आता मायक्रोसॉफ्टकडूनच उतरवून पेनड्राइव्हवर घेता येते, त्यासाठी नेहरू प्लेस गाठावं लागत नाही. पण मागे जाण्याची मुदत आक्रसली. विंडोज 10 आली जुलै 2015 मध्ये, तेव्हा जुन्या विंडोजवर परतायला 30 दिवस होते. वर्षभरात ते 10 झाले. 14 जानेवारी 2020 ला विंडोज 7 चा आधार संपला. तारीख पाहून मराठी माणूस चमकतोच, पानिपतही 14 जानेवारीचंच! 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 ची पाळी आली. विंडोज 11 टीपीएम 2.0 ही चिप मागते, आणि ती नसलेली चांगली चालती मशीनं एकदम म्हातारी ठरली. कॅनालिस या संस्थेच्या अंदाजानुसार जगात अशी सुमारे 24 कोटी मशीनं आहेत. आमच्या दिल्लीत अशी मशीनं शेवटी कुठे जातात हे पाहायचं असेल तर सीलमपूरला जा. तिथल्या गल्ल्यांत माणसं हातानं बोर्ड तोडून तांबं काढत असतात. परतीची वाट बंद झाली की मशीनचा पुढचा मुक्काम तिथे असतो.

पर्याय नाही असं मात्र नाही. सी-डॅकनं 2007 मध्ये डेबियनवर आधारलेली बॉस ही भारतीय प्रणाली आणली, तीत मराठी आहे. 2023 मध्ये संरक्षण मंत्रालय उबुंटूवर आधारलेली माया ही प्रणाली आणत असल्याच्या बातम्या आल्या. बॉस किंवा उबुंटूसारख्या प्रणालींची चकती कोणी खोक्यातून काढून घेऊ शकत नाही, कारण ती कोणीही उतरवू शकतो, कोणीही वाटू शकतो. विंडोज पेलत नसलेल्या जुन्या लॅपटॉपसाठी मी आता हीच शिफारस करतो.

विंडोजच वापरणार असाल तर नवा लॅपटॉप घरी आणल्याच्या पहिल्याच दिवशी तीन गोष्टी करा. रिकव्हरीचा पेनड्राइव्ह करून कपाटात ठेवा. ड्रायव्हर आणि लायसन्सचे तपशील वेगळे जपा. आणि घरात जुन्या फाँटमध्ये काही मराठी मजकूर असेल, कोणाचं आत्मचरित्र, कोणाच्या कविता, मंडळाचे जुने अंक, तर ते उघडू शकणारं मशीन चालू आहे तोवर युनिकोडमध्ये आणून घ्या. मशीन बदलेल, विंडोज बदलेल. इटलीत लढलेल्या त्या साताऱ्याच्या शिपायाला मात्र आपली गोष्ट आता दुसऱ्यांदा सांगता येणार नाही.

जय हिंद.